पहिलटकरणीचे अखेरचे तीन महिने

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा महाराष्ट्रातील जुना कौटुंबिक संकेत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते आणि काही दिवसांतच लेक माहेरच्या वाटेला लागते. या संकेतामागे शहाणपण आहे. पहिलटकरणीला विसावा मिळावा, कंबर दुखते आहे, भीती वाटते आहे, हे तिला मोकळेपणाने सांगता यावे आणि आईच्या हातचे दोन घास सुखाने खाता यावेत, हा त्यामागील हेतू होय.

परंतु या प्रवासात एक गोष्ट पुष्कळदा मागे राहून जाते. ती म्हणजे सहा-सात महिने चाललेल्या तपासणीचा धागा. सासरच्या गावातील आशा स्वयंसेविका तिला ओळखत असते; तिचे रक्त किती, रक्तदाब किती, याची नोंद तेथील उपकेंद्रात असते. माहेरच्या आरोग्यसेविकेला मात्र ती गावात आल्याचेही ठाऊक नसते. गरोदरपणातील सर्वांत जोखमीचे आठवडे नेमके याच काळात येतात. म्हणून प्रसूतीच्या पूर्वतयारीचा विचार बाळंतविड्यापासून सुरू न करता या धाग्यापासून सुरू करणे अगत्याचे आहे.

काल आणि आज

डॉ. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी पहिले अपत्य झाले आणि अवघ्या दहा दिवसांत ते दगावले. त्या दुःखातूनच त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाचा निर्धार झाला. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला, तोही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. त्या काळी बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे म्हटले जाई ते उगाच नव्हे.

आज चित्र पालटले आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात २००४-०६ या कालखंडात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ पर्यंत खाली आले. त्याच काळात देशाचे प्रमाण ९७ होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले. बाळंतपण घरी की दवाखान्यात, हा वाद आता बहुतांशी मिटला आहे. कोणत्या दवाखान्यात, केव्हा आणि कसे पोहोचावयाचे, हे आधी ठरलेले असते काय, हा प्रश्न मात्र उरतो. जे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, त्यांच्यामागे तीन प्रकारचे विलंब दिसून येतात : निर्णयास विलंब, दवाखान्यात पोहोचण्यास विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास विलंब. यांपैकी पहिले दोन विलंब कुटुंबाच्या पूर्वतयारीने पुष्कळ अंशी टळू शकतात.

दिवसांचा हिशेब

गर्भारपणाचा काळ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तो २८० दिवसांचा, म्हणजे ४० आठवड्यांचा असतो. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळविले, की प्रसूतीची अपेक्षित तारीख येते. शेवटची पाळी १० जूनला आली असेल, तर ती तारीख १७ मार्च ही होय. लोकव्यवहारातील ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशेब शास्त्राच्या फारच जवळ जाणारा आहे.

मात्र नेमक्या त्या दिवशी बाळंत होणाऱ्या स्त्रिया थोड्याच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर प्रसूती केव्हाही होऊ शकते, असे समजून तयारी ठेवावी. तारीख उलटून गेल्यास ‘आज-उद्या होईल’ म्हणून घरी थांबू नये; तपासणीस जावे.

शरीर काय सांगते

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर गर्भाची वाढ झपाट्याने होते. पोटाचा भार वाढल्याने कंबर दुखते, धाप लागते, रात्री झोपमोड होते, पायांवर थोडी सूज येते. या काळात उताणे न झोपता कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे, म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब न येता बाळाला रक्तपुरवठा नीट होतो.

पहिलटकरणीच्या बाबतीत शेवटच्या काही आठवड्यांत बाळाचे डोके ओटीपोटात खाली सरकते. घरातील जाणत्या बायका ‘पोट उतरले’ असे म्हणतात. श्वास मोकळा होतो. परंतु लघवीला वारंवार जावे लागते. बाळाचे डोके खाली आहे की ते पायाळू आहे, हे छत्तिसाव्या आठवड्यानंतरच्या तपासणीत पाहिले जाते. त्यावर प्रसूतीचे ठिकाण अवलंबून असल्यामुळे ही तपासणी कदापि चुकवू नये.

बाळाची हालचाल ही आईला मिळणारी रोजची खूण होय. दिवस भरत आले की बाळ आपोआप कमी हलते, हा समज चुकीचा आहे. हालचालीचे स्वरूप थोडे बदलते, ढोसण्याऐवजी कूस बदलल्यासारखे वाटते. परंतु ती मंदावत नाही. नेहमीपेक्षा हालचाल स्पष्टपणे कमी वाटल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

रक्त आणि आहार

राज्यातील गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याच्या जवळपास स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या पाहणीत दिसून आले. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय; ते ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास स्थिती गंभीर समजतात व रुग्णालयात उपचार घ्यावे लागतात. अशा स्त्रीला प्रसूतीच्या वेळी होणारा थोडासा रक्तस्रावही झेपत नाही.

लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज घ्यावयाच्या असतात. शौचाचा रंग काळा झाला म्हणून घाबरून त्या बंद करू नयेत. गोळी चहाबरोबर घेऊ नये, तसेच कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये. लिंबू किंवा आवळा खाण्यात असल्यास लोह अधिक चांगले शोषले जाते.

शेवटच्या महिन्यांत कमी जेवले म्हणजे मूल लहान राहते व बाळंतपण सोपे होते, अशी समजूत काही घरांत अजून आहे. ती घातक आहे. त्यामुळे बाळंतपण सोपे होत नाही. बाळ मात्र कमी वजनाचे जन्मते. भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी, दूध, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी-मासळी असा घरचाच आहार थोडा थोडा, परंतु अधिक वेळा घ्यावा. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदरपणी व बाळंतपणानंतर अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण दिले जाते, तेही याच कारणासाठी.

माहेरी जाताना

माहेरी जावयाचे असल्यास नववा महिना लागण्यापूर्वी, तपासणी करून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जावे. पिशवीत सर्वांत वर माता व बाल संरक्षण कार्ड ठेवावे. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, लसीच्या मात्रा आणि सोनोग्राफीचे अहवाल जवळ असले, म्हणजे नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना सुरुवातीपासून शोध घ्यावा लागत नाही. ज्या स्त्रीचा रक्तगट ऱ्हेसस निगेटिव्ह आहे, तिने ही गोष्ट आवर्जून सांगावी. बाळाचा गट पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला एक विशेष इंजेक्शन द्यावे लागते. ते चुकले, तर त्याचा परिणाम पुढच्या गर्भारपणात भोगावा लागतो.

गावी पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तेथील आशा स्वयंसेविकेकडे किंवा उपकेंद्रात नोंद करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. ऊसतोडणीसाठी किंवा वीटभट्टीवर घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांतील गरोदर स्त्रियांना तर हे कार्ड म्हणजे सोबत चालणारा दवाखानाच होय.

त्यानंतर घरातील मंडळींनी एकत्र बसून काही गोष्टी ठरवाव्यात. प्रसूती कोणत्या दवाखान्यात होणार, तेथे शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय नसल्यास पुढे कोठे जावयाचे, रात्री वाहन कोणाचे, सोबत कोण, गरज पडल्यास रक्त कोण देणार, हे त्या वेळी ठरले पाहिजे. जावई परगावी असला, तरी निर्णयासाठी त्याच्या फोनची वाट पाहत राहावे लागू नये. १०२ व १०८ हे क्रमांक घरात सर्वांना पाठ असावेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि ने-आण विनामूल्य आहे. खर्चाच्या धास्तीने पाय मागे घेण्याचे कारण नाही.

बाळंतविडा साधा असला तरी चालेल. धुऊन उन्हात वाळविलेली जुनी मऊ सुती दुपटी, झबली, टोपडे आणि आईसाठी स्वच्छ कपडे एवढे पुरेसे आहे. जन्माआधी बाळासाठी नवे काही आणू नये, अशी काही घरांतील रीत आहे. तिला यामुळे बाध येत नाही.

कळा केव्हा खऱ्या?

पहिलटकरणीला सर्वांत मोठी धास्ती असते ती कळा ओळखता येतील की नाही याची. शेवटच्या आठवड्यांत अधूनमधून पोट कडक होते व सैल पडते. या कळा अनियमित असतात आणि विश्रांतीने थांबतात. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, कंबरेकडून पोटाकडे येतात, त्यांमधील अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. रक्तमिश्रित चिकट स्राव जाणे हीही प्रसूती जवळ आल्याची खूण होय. पाणमोट फुटली, तर कळा नसल्या तरी तत्काळ निघावे. पाणी हिरवट असल्यास अधिकच त्वरा करावी.

पहिल्या बाळंतपणाला वेळ लागतो. आरंभीच्या हलक्या कळांचा काळ प्रत्येकीचा निराळा असतो. गर्भाशयाचे मुख पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरही बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो. हे आधी ठाऊक असले, म्हणजे धीर सुटत नाही. परंतु दवाखाना लांब असल्यास, वाटेत ओढा किंवा घाट असल्यास, वेळ आहे म्हणून घरी थांबणे योग्य नव्हे.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप, पोटात सतत असह्य वेदना किंवा बसल्या जागी धाप, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास तो क्षण थांबण्याचा नसतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास तो ‘थोडासाच’ आहे, असे समजू नये.

मनाची तयारी

शरीराच्या तयारीइतकीच मनाची तयारी मोलाची आहे. दुसऱ्यांच्या बाळंतपणाच्या भयकथा पहिलटकरणीपुढे उगाळू नयेत. तिने विचारलेल्या शंकेला ‘वेळ आली की कळेल’ हे उत्तर पुरेसे नाही. शक्य असल्यास प्रसूतीचा कक्ष तिला आधी दाखवून आणावा. केंद्र शासनाने २०१६ मध्ये शासकीय रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबत एक स्त्री ठेवण्यास मुभा दिली आहे. आई, सासू किंवा थोरली बहीण यांपैकी कोण सोबत असावे, हे त्या मुलीलाच विचारावे.

बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत त्याला छातीशी घ्यावे व चीक पाजावा. चीक टाकून देऊन मध किंवा गुळाचे पाणी चाटविणे म्हणजे बाळाचे पहिले संरक्षण हिरावून घेणे होय. प्रसूती सुरळीत झाली, तरी दोन दिवस रुग्णालयात राहावे. कारण अतिरक्तस्रावाचा धोका याच काळात अधिक असतो.

माहेराचा खरा अर्थ

दुर्गम आदिवासी भागात पावसाळ्यात वाटा बंद होतात. तेथील गरोदर स्त्रीने प्रसूतीच्या काही दिवस आधीच येऊन राहावे, यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात शासनाने जी निवासाची सोय केली, तिला ‘माहेरघर’ हे नाव दिले आहे. ते सार्थ आहे. जेथे विसावा, आपुलकी आणि वेळेवर मिळणारी वैद्यकीय मदत ही तिन्ही एकत्र येतात, ते खरे माहेर. लेकीची ओटी भरताना तिच्या हाती तिचे कार्डही दिले आणि माहेरच्या उंबऱ्यातून ती आत येताच आरोग्यसेविकेला निरोप धाडला, तर या जुन्या आणि जिव्हाळ्याच्या रूढीचे बळ कितीतरी वाढेल.