गाडीशेजारी कोण उभं आहे?

अगं, तुझ्या जीपच्या मॉडेलचे फोटो मोठे करून करून पाहिले. रंग सुरेख बसलाय, दारांच्या फटी एकसारख्या आहेत, आणि तरी तू लिहितेस, "ताई, खेळण्यासारखी दिसते." निरीक्षण तुझं बरोबर आहे. त्यावरचा उपाय मात्र मला पटला नाही. परदेशातून बारीक पितळी भागांचा संच मागवायचा आणि सोबत तिकडच्याच माणसांचा डबा. कोट घातलेले, पेट्रोल पंपावर उभे असलेले ते लोक तुझ्या एमएच १० च्या जीपशेजारी उभे केलेस, तर ती जीप सांगलीची राहणार नाही. आत्ता तिच्यात तेवढंच कमी आहे बघ. ती कुणाची आहे, काल कुठल्या रस्त्यानं गेली, कोण रोज तिचं दार उघडतं, हे तिच्याकडे बघून कळत नाही. ते कळण्यासाठी पैसे लागत नाहीत. नजर लागते आणि मोजपट्टी लागते.

मोजपट्टीचं आधी सांगते, कारण तिथे कुणीच वेळ देत नाही. तुझी जीप १:२४ ची. म्हणजे पाच फूट पाच इंचांचा माणूस तिच्याशेजारी सात सेंटिमीटरला जरा कमीच भरला पाहिजे. हाच माणूस १:४३ च्या गाडीजवळ ३.८ सेंटिमीटरचा होतो आणि १:६४ च्या छोट्या गाडीजवळ अडीचच्या किंचित वर. आपण लहानपणापासून दिवाळीत किल्ले केले. तिथे मावळा बुरुजाएवढा असला तरी कुणी बोट ठेवत नाही, किल्ल्याची मजा तीच. गाडीचं तसं नाही, कारण गाडीच्या दाराची उंची, सीटची उंची प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली असते. माणूस दोन मिलिमीटर उंच झाला तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकतं, आणि काय खटकतं ते त्याला सांगता येत नाही. म्हणून वहीत एक पान कर. प्रत्येक वस्तूचं खरं माप एकीकडे, चोविसानं भागलेलं दुसरीकडे. चारचाकीची लांबट नंबरपाटी ५०० बाय १२० मिलिमीटरची असते. तुझ्याकडे ती २१ बाय ५ झाली. छापलेला कागद कापलास की कडा पांढऱ्या दिसतात, त्यावरून पेनानं काळा हात फिरव. एवढ्यानं पाटी चिकटवलेली न वाटता बसवलेली वाटते.

आता काय करायचं आणि काय सोडायचं? तुझ्याच जिल्ह्यातलं सांगते. कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातल्या भागांतून साठेक हजार रुपयांत अख्खी चालती गाडी बनवली, समोरून जीपसारखी. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. समज, तू उद्या त्या गाडीचं मॉडेल करायला बसलीस. जाळी, दिवे, बंपर यांवर कितीही रात्री घालव, पण दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ती गाडी, तिची किकच राहून गेली तर सगळं फुकट. स्टेअरिंग डावीकडे, हेही हवं. आणि शेजारी एकच माणूस, किकवर पाय ठेवून अंगाचा भार पुढे टाकलेला. बास. कुणाला सांगावं लागणार नाही ही कोणती गाडी. प्रत्येक गाडीत अशी एक-दोन ठिकाणं असतात. ती आधी शोध, बाकीचं सावकाश होऊ दे.

तुझ्या जीपचं ते ठिकाण कोणतं, हे मी इथून साताऱ्यात बसून नाही सांगणार. मार्केट यार्डात जाऊन खऱ्या जीपसमोर उभी राहा. मालकाला विचारून फोटो घे, पुढून नको, खालून आणि मागून घे. दाराच्या मुठीभोवती रंग कसा उडालाय, मागच्या फळीला दोर कुठे बांधतात, पत्र्याला पोचा कुठे आहे.

आणि अँटेना-वायपरच्या तारेसाठी मुंबईहून काही मागवू नकोस गं. मिरज तुझ्या हाकेच्या अंतरावर आहे. सतारमेकर गल्लीत तारा जोडून झाल्या की तुकडे उरतातच; विनंती केलीस तर तुला मूठभर कुणीही देईल. सतारीच्या तरफेची तार साधारण पाव मिलिमीटरहून बारीक, बाजाची तार त्याहून थोडी जाड. तरफेची तार खऱ्या गाडीच्या मापात सुमारे सहा मिलिमीटरची होते, म्हणजे अँटेनाला अगदी योग्य. जाड तार वायपरच्या दांडीला आणि आत धरायच्या कडीला. पोलादी असल्यामुळे सहज वाकत नाही, साध्या कात्रीनं कापू नकोस, पात्याला खाच पडेल, पक्कड घे. गेलीस तर पाच मिनिटांत परतू नकोस. भोपळ्यावर नक्षीची पानं बसवणारा, जवारी काढणारा कारागीर हात कुठे टेकवतो ते बघ. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या हे हात तिथे आहेतच. बारीक कामात मनगट हवेत असलं की ब्रश थरथरतो. तुझा थरथरतो, तो त्यामुळे. तुझ्यात काही उणं नाही.

बारीक वस्तूंत माझी सगळ्यांत आवडती म्हणजे बंपरला टांगलेलं लिंबू-मिरची. खरं लिंबू चार सेंटिमीटरचं धरलं तर तुझं झालं पावणेदोन मिलिमीटरचं. मोहरीचा टपोरा दाणा घे, पिवळा रंगव. मिरच्या तीन मिलिमीटरच्या, रंगवलेल्या तारेच्या, आणि सगळं एका केसाएवढ्या दोऱ्यात. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल. सोंड, कान करायला जाऊ नकोस, शेंदरी आकार आणि पुढे एक झेंडूचा ठिपका पुरे. काचा बसवताना फेविक्विक दूर ठेव, त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी धुरी चढते आणि ती निघत नाही. काचेला साधं फेविकॉल, ते वाळून पारदर्शक होतं.

आता माणसं. इथे जरा बस माझ्याजवळ, कारण तू इथेच घाबरतेस.

जुन्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची तार काढ, तिचा सांगाडा कर, आणि कागदावर मॉडेलच्या मापाचा माणूस काढून सांगाडा त्यावर ठेव. डोकं अंगाच्या साडेसाताव्या भागाएवढं, म्हणजे तुझ्याकडे नऊ मिलिमीटर. सगळ्यांचीच डोकी मोठी होतात, कारण आपल्याला चेहरा करायची घाई असते. पाय अंगाच्या निम्मे. सांगाड्याला पोझ आधी दे, मग एम-सील चढव, तेही हरभऱ्याएवढंच मळून. एकदम जास्त मळलंस तर हातात घट्ट होतं. पहिल्या दिवशी नुसतं धड आणि पाय. वाळू दे. मग कपडे, मग हात, डोकं सगळ्यांत शेवटी. मळताना हातमोजे आणि घासताना तोंडाला मास्क, यात माझ्याशी वाद घालायचा नाही.

पोझ कुठली? बाहेरच्या डब्यात उकिडवा बसलेला माणूस तुला सापडणार नाही, आणि आपल्याकडे गाडीची वाट बघणारा माणूस उकिडवाच बसतो. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे काखेशी, दोन्ही हात पुढे सोडलेले, एका हातात चहाचा कप. हा एक माणूस जमला ना, की तुझी जीप मार्केट यार्डात उभी आहे हे पाटीविना कळेल. त्याला हळदीचा हमाल कर. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, सगळ्यांनी बातमी वाचली; पण हंगामात त्या पोत्यांखालून निघालेल्या माणसाची बनियन, मानेची वळी, पापण्यासुद्धा पिवळ्या झालेल्या असतात, हे जे जवळून बघतात त्यांनाच ठाऊक. बनियन मळकट पांढरी रंगव आणि खांद्यावर, मानेवर पिवळ्या खडूची कोरडी पूड बोटानं चोळ. पोतं एम-सीलचंच, ओलं असताना त्यावर मलमलीचा तुकडा दाबून उचल, विणीचा ठसा उमटतो.

कपड्यांना खरं कापड वापरू नकोस. कितीही तलम असलं तरी चोवीसपट मोठं करून पाहिलंस तर ते घोंगडीएवढं जाड होतं. बाईची साडी करायची असेल तर टिश्यू कागदाचा एकच पदर सुटा कर, पाणी घातलेल्या फेविकॉलात भिजव आणि ओला असतानाच निऱ्या पाड. गांधी टोपीला साधा पातळ कागद चालतो, चार मिलिमीटर उंचीची.

आणि त्वचा. बाटलीवर 'स्किन' लिहिलेला तो गुलाबी रंग घेऊ नकोस. आपल्या माणसांचा रंग त्या बाटलीत नाही. मातकट तपकिरी, पिवळा गेरू आणि थोडा पांढरा एकत्र कर, उन्हात राबणाऱ्याला तपकिरी वाढव. आपल्या हातून घडलेला आपला माणूस तरी आपल्या रंगाचा असावा, असं मला फार वाटतं. डोळ्यांत पांढरा भरू नकोस, एवढ्या लहान मापात माणूस दचकलेला दिसतो. भुवईखाली गडद रेघ पुरे. चेहरा जमत नसेल तर मान जरा खाली घाल, टोपीची सावली पाडून दे. नजर मात्र कुठेतरी लागलेली हवी: कपाकडे, चाकाकडे, दुसऱ्या माणसाकडे. आणि तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले आहेत का, हे मोबाइल त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढून बघ. वरून सगळंच बरं दिसतं.

धूळ-चिखलाचं तर आपल्याकडे केवढं वैभव आहे! कृष्णाकाठची काळी माती आणि महाबळेश्वर, कासकडची तांबडी. तुझी जीप पावसाळ्यात कासला जाऊन आली असेल तर चाकांच्या आतल्या बाजूला तांबूस चिखल सुकलेला असेल. कवलापूरच्या शेतातून आली असेल तर तो करडा-काळा. दोन्ही एकाच गाडीवर असतील तर खाली जुना आणि वर नवा, असा थर लाव. खरी माती कितीही चाळलीस तरी तिचे कण या मापात खड्यांसारखे दिसतात, त्यापेक्षा रंगीत खडू पात्यानं खरवड. चाकामागे फवारा, दारांच्या खालच्या कडेला सर्वांत गडद, आणि काचेवर वायपर फिरलेला अर्धगोल स्वच्छ. मुठीभोवतीही स्वच्छ, तिथे रोज हात लागतो. वरून मॅट वॉर्निश मारलंस की पूड निम्मी फिकी होते, तेव्हा थोडी जास्तच लाव.

जीप झाल्यावर काय करू, असं विचारलंयस. प्रिया स्कूटर कर, माझ्यासाठी. ती आमच्या साताऱ्याची. १९७५ मध्ये बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळानं मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली, तिच्या इथल्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडायची. आमच्या पिढीच्या कितीतरी घरांतली पहिली गाडी तीच. तुझ्या मापात सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास भरेल. स्वार एकटा नको. वडील पुढे, आई मागे एका अंगानं बसलेली, पदर मांडीखाली दाबून घेतलेला, आणि हँडल धरून पुढे उभं पोर. आईचा एक हात सीटच्या कडीला की वडिलांच्या खांद्यावर, हे तू ठरव. त्यावरून त्या घराबद्दल बरंच कळतं. आणि एखादी सुट्टी काढून खटाव तालुक्यातल्या औंधला ये. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात लघुचित्रं आहेत. त्यांतली माणसं बोटभरही नाहीत, पण कोण कुणाकडे बघतंय हे लांबूनही कळतं. मी बरोबर येईन.

घरी बोलतात, मुलीच्या जातीनं गाड्या कसल्या करायच्या, असं लिहिलंयस. बोलू दे. त्यांना पटवायला जाऊ नकोस, काम करताना दार उघडं ठेव. काकूंना पोत्याच्या विणीचा ठसा दाखव, काकांना विचार की जीपची ताडपत्री कुठून बांधायचे. विचारलं की माणसं शेजारी येऊन बसतात, आणि काकांना ते तुझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक असणार.

शेवटचा तुझा प्रश्न पैशांचा. कुणी म्हणालं, आमच्या वडिलांच्या गाडीचं मॉडेल करून दे, तर लाजून फुकट देऊ नकोस. साहित्य आणि निम्मी मजुरी आधी घे. गाडीचे फोटो माग, वडील कसे उभे राहायचे तेही विचार. टोपी होती का, खिशाला पेन असायचं का. नातेवाईक हे सांगताना थांबत नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेव. महिनाभराचं काम असेल तर दोन महिने सांग. आणि गाडीचा नंबर फोनवर ऐकून छापू नकोस, त्यांच्याकडून लिहून घे.