मातीला न पचणारा घास

अकोला-अमरावतीकडच्या काळ्या मातीत एक प्रयोग करून पाहा. पावसाळ्याच्या तोंडी सुती कापडाचा व पॉलिथीनच्या पिशवीचा एकेक तुकडा वीतभर खोल पुरा, जागेवर खूण करा आणि दिवाळीत उकरा. कापड बहुतेक कुजलेले असेल. पॉलिथीन मात्र जसेच्या तसे!

असे का व्हावे? कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या साखळीतील ऑक्सिजनचे दुवे तोडणारी विकरे मातीतील बुरशी व जीवाणूंजवळ असतात. पॉलिथीनच्या साखळीत मात्र हजारो कार्बन अणू एकमेकांना थेट जोडलेले असतात. शिवाय त्यात पाणी मुरत नाही. मग विकरांचा शिरकाव व्हावा कसा?

उन्हातील अतिनील किरणांनी ही साखळी तुटते, तिच्याशी ऑक्सिजनचा संयोग होतो आणि जीवाणूंना थोडे खाद्य मिळते. पण किती थोडे! स्वीडनमधील आल्बर्टसन यांनी अतिनील किरणांत ठेवलेले पॉलिथीन १० वर्षे मातीत पुरले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, त्यातील जेमतेम अर्धा टक्का कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडला.

म्हणून धुऱ्यावरच्या पिशवीचा उन्हाने भुगा झाला, तर ती कुजली असे समजू नका. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. तो भुगा त्यांतून खोल जातो. मग तो वेचणार कोण? पिशवी अख्खी आहे तोवरच उचला. आणि हो, प्रयोगातला तुकडाही काढून घ्यायला विसरू नका!