बर्फाच्या पांघरुणाखालील खुजा वाळुंज

वृक्ष हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें वड, पिंपळ किंवा आंबा उभा राहतो. परंतु ज्यावर पाय पडला तरी समजूं नये, असेंही लांकडी खोडाचें एक झुडूप या पृथ्वीवर आहे. आपल्याकडे नद्यांच्या व ओढ्यांच्या कांठीं वाळुंज आढळतो. हें झुडूप त्याच्याच कुळांतील होय. युरोपांतील आल्प्स पर्वत, स्कॉटलंडचे डोंगरमाथे, नॉर्वे, स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेचा ईशान्य भाग हीं त्याचीं वसतिस्थानें. शास्त्रज्ञ त्यास सॅलिक्स हर्बेशिया म्हणतात. आपण त्यास खुजा वाळुंज म्हणूं. प्रसिद्ध स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनीं १७३२ सालीं लॅपलंडचा प्रवास केला. सर्व वृक्षांत हाच लहान, असा या झुडपाविषयीं त्यांचा अभिप्राय होता.

जमिनीच्या वर याची उंची सहसा पांचसहा सेंटिमीटरांहून अधिक नसते. म्हणजे आपल्या बोटाएवढीही नाहीं. पानें वाटोळीं, तुकतुकीत, बारीक दांत्यांच्या कडांचीं, आणि एक ते दोन सेंटिमीटर रुंदीचीं असतात. मग याचें खोड कोठें आहे? तें जमिनीच्या आंत आहे. मातीखालीं त्याच्या फांद्या दूरवर पसरतात व शेंड्यांचीं दोनतीन पानेंच काय तीं बाहेर डोकावतात. ज्यास आपण हिरवळ समजूं, तो वस्तुतः एका झाडाचा माथा असतो. नर व मादी फुलोरे निरनिराळ्या झुडपांवर येतात. बियांना कापसासारखे तंतू असतात व वारा त्यांस दूर नेतो.

आतां याच्या निवासाकडे वळूं. आल्प्समध्यें साधारणपणें २,००० ते ३,००० मीटर उंचीवर, जेथें मोठे वृक्ष वाढूं शकत नाहींत, तेथें हें झुडूप राहतें. कांहीं वेळां तें उघड्या कड्यांवरही दिसतें. परंतु त्याची आवडती जागा म्हणजे डोंगरांतील खोलगट भाग. हिंवाळ्यांत वाऱ्यानें वाहून आलेलें बर्फ तेथें सांचतें आणि जून-जुलैपर्यंत वितळत नाहीं. उरलेल्या दोनतीन महिन्यांत या झुडपास पालवी, फुलें, बीं हें सर्व उरकावें लागतें. म्हणून तें आदल्या वर्षींच कळ्या तयार करून ठेवितें. बर्फ सरतांच थोड्या दिवसांत फुलोरा दिसूं लागतो.

एकदां वर्गांत हा भाग चालला असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, इतक्या बर्फाखालीं तें मरत कसें नाहीं?" आम्ही पुष्कळ वर्षें बर्फ हा वनस्पतींचा शत्रू असेंच सांगत आलों होतों. त्या प्रश्नानें आम्हांस पुन्हां पुस्तकें उघडावीं लागलीं, आणि आमचेंच शिकविणें चुकीचें होतें असें आढळून आलें.

ताज्या बर्फाच्या कणांमध्यें पुष्कळ हवा कोंडलेली असते. घोंगडीच्या लोकरींतील हवेप्रमाणें ती उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. बाहेर पारा शून्याखालीं वीस अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरला तरी जाड बर्फाच्या तळाशीं उष्णमान शून्याच्या आसपास राहतें. शिवाय बर्फ या झुडपास निजवूनही ठेवितें. निजलेल्या कळ्या कडक थंडी सोसतात. उमललेलीं कोंवळीं पानें मात्र एका रात्रीच्या गोठणानें करपतात. थंडीचा जोर ओसरेपर्यंत बर्फ त्यास जागें होऊं देत नाहीं, हाच त्याचा मोठा उपकार.

सांप्रत पृथ्वी तापत आहे. वरवर पाहतां थंडींतील झाडास हें सुखाचेंच वाटावें. पण स्वित्झर्लंडमधील दाव्होसजवळच्या पर्वतांवर अभ्यासकांनीं या झुडपाचें निरीक्षण केलें, तेव्हां जेथें बर्फ लवकर वितळलें तेथें गोठणानें पानांची हानि अधिक झालेली दिसली. पांघरूण वेळेपूर्वीं निघालें, झुडूप फसून जागें झालें, आणि मागाहून आलेल्या थंडीनें त्यास गांठलें. बर्फ कमी दिवस राहिल्यास उंच वाढणाऱ्या वनस्पतीही या जागेंत शिरूं शकतात. मग या बुटक्यास ऊन कोठून मिळावें?

हिमयुगांतील मातीच्या थरांत ब्रिटनच्या सखल प्रदेशांतही याचीं पानें सांपडलीं आहेत. सुमारें ११,७०० वर्षांपूर्वीं हिमयुग संपून हवा उष्ण झाली. सखल भागांतून तें नाहींसें झालें व डोंगरांवर टिकून राहिलें. आतां पुन्हां उष्मा वाढत आहे. परंतु जें शिखराजवळच येऊन राहिलें आहे, त्यानें आणखी वर कोठें जावें?

पालकांसही आमची एक विनंती आहे. थंडीच्या दिवसांत मुलांसह नदीकांठीं जाल, तेव्हां आपल्या वाळुंजाचे फुलोरे अवश्य पाहा. याचेही नर व मादी वृक्ष वेगळे असतात; ते मुलांनीं स्वतः ओळखावे. आणि त्याचा एक बोटभर उंचीचा भाऊ दूरच्या पर्वतावर यावेळीं बर्फ पांघरून निजला असेल, हें त्यांस तेथेंच सांगावें.