तापीकाठी राहून जहाज शिकता येते

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाने ‘मी जहाजाचा इंजिनियर होणार’ असे म्हटले, तर घरचे हसतात. समुद्र कुठे आणि आपण कुठे! पण विद्यार्थी मित्रांनो, आपली तापी कुठे जाते ते नकाशात पाहा. भुसावळवरून, पुढे शिरपूर व शिंदखेडा तालुक्यांच्या मधून वाहत ती सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. त्याच सुरतेहून १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया हे कारागीर मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ साली पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. याच घराण्यातले आर्देशीर कर्सेटजी वाफेच्या इंजिनांकडे वळले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

जहाज का तरंगते, असे वर्गात विचारले की सगळे हात वर होतात. आर्किमिडीजचे तत्त्व! उत्तर बरोबर आहे. पण जहाज बांधणाऱ्याची झोप उडवणारा प्रश्न निराळाच आहे : तरंगणारे जहाज उलटत का नाही?

हा प्रश्न घरच्या टबात सोडवता येतो. सपाट तळाचा, उभ्या बाजूंचा १५ सेंमी. रुंद आयताकृती डबा घ्या. त्यात वजने ठेवून तो ३ सेंमी. बुडेल असे करा. प्लावक बल हे बुडालेल्या भागाच्या मध्यातून, म्हणजे तळापासून १.५ सेंमी. उंचीवरून वर ढकलते. आता डबा किंचित कलंडवा. खाली गेलेल्या बाजूचा जास्त भाग बुडतो, म्हणून प्लावक बलाचा बिंदू त्या बाजूला सरकतो. या नव्या बिंदूतून उभी रेषा काढली, तर ती डब्याच्या मध्यरेषेला जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. आयताकृती डब्यासाठी तो प्लावक बलाच्या मूळ बिंदूच्या किती वर असतो, हे काढायला रुंदीच्या वर्गाला बुडालेल्या खोलीच्या बारापटीने भागायचे. २२५ भागिले ३६, म्हणजे ६.२५ सेंमी. तळापासून मोजले तर ७.७५ सेंमी.

डबा आणि वजने मिळून जो गुरुत्वमध्य येतो, तो याच्या खाली असेल तर कलंडलेला डबा पुन्हा सरळ होतो. वर गेला की आडवा! वजनांखाली काड्यापेट्या रचत जा आणि स्वतः पाहा. डबा निम्म्याच रुंदीचा, ७.५ सेंमी. चा, आणि तेवढाच बुडालेला असता तर ही ६.२५ ची उंची १.५६ सेंमी. वर येते. रुंदी निम्मी झाली, आधार चौथाईवर आला. कापसाने शिगोशीग भरलेली बैलगाडी वळणावर का भीती घालते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

आता डब्यात थोडे पाणी ओता. तोल लगेच बिघडतो, कारण पाणी खाली गेलेल्या बाजूकडेच धावते आणि कल वाढवते. माणसांचेही असेच होते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. भर पावसाळ्यातल्या लाटेने बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, असे सांगतात. प्रवासी घाबरले तर धावणारच. जहाजाचा आराखडा करताना हे आधीच गृहीत धरावे लागते.

हे काम नेव्हल आर्किटेक्टचे, म्हणजे जहाजाच्या रचनाकाराचे. तो बहुधा जमिनीवरच काम करतो. मरीन इंजिनियर मात्र जहाजावर राहून मुख्य इंजिन, जनरेटर, पंप, शीतयंत्रे चालती ठेवतो. रावेर-यावलची केळी थंड कंटेनरमधून परदेशी जातात, तेव्हा त्यांना सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमान लागते. भर समुद्रात वीज गेली तर माल पिकून वाया जाईल. तेव्हा आपल्या केळीची राखण तोच करतो म्हणा ना! महिनोन्‌महिने घरापासून दूर, इंजिनघराच्या उकाड्यात राहावे लागते, हेही विसरू नका. पगार चांगला असतो तो उगाच नव्हे.

मरीन इंजिनियर व्हायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे आणि या तिन्हींत मिळून ६० टक्के गुण. इंग्रजीतही ५० टक्के लागतात. २००८ साली स्थापन झालेल्या इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा देऊन चार वर्षांच्या पदवीला जाता येते. तिचे एक केंद्र मुंबई बंदराजवळ आहे. मुलींनाही प्रवेश आहे. रचनेचे शिक्षण खरगपूर व मद्रासच्या आय.आय.टी.त, विशाखापट्टणमला आणि कोचीच्या विद्यापीठात मिळते. मेकॅनिकलची पदवी घेतलेल्यांना एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. आय.टी.आय. झालेल्यांना माझगाव डॉकमधील अप्रेंटिसशिपचा मार्ग आहे. मात्र रंगांधळेपणा असल्यास जहाजावरची नोकरी मिळत नाही, म्हणून फी भरण्यापूर्वी डोळे तपासून घ्या.

आणखी एक. ‘दोन लाख द्या, जहाजावर लावतो’ असे सांगणारे गावोगाव फिरतात आणि शेत विकून पैसे देणारेही भेटतात. नोकरी लावण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणे परवानाधारक एजंटालाही कायद्याने मना आहे. संस्था व एजंट खरे की खोटे, ते नौवहन महासंचालनालयाच्या यादीत नाव आहे का, यावरून पाहावे.

शिक्षकांनी प्लावक बल शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे : डबा १२ सेंमी. रुंद, ४ सेंमी. बुडालेला, गुरुत्वमध्य तळापासून ६ सेंमी. वर. डबा उभा राहील का? आधी गणित करा, मग टब भरा.