मनगटावरचे घड्याळ आणि हृदयाची लय

इंग्लंडमधील लिचफिल्ड येथे जॉन फ्लॉयर नावाचे एक वैद्य होते. नाडी मोजण्यासाठी त्यांनी एक मिनिट चालणारे खास घड्याळ करवून घेतले आणि १७०७ साली त्याविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर बहुतेक वैद्य नाडीचे वर्णन ‘जलद’, ‘मंद’ अशा शब्दांतच करीत. आज तोच आकडा धावणाऱ्या मुलामुलींच्या मनगटावर क्षणोक्षणी उमटतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, घड्याळात ठोके बरोबर दिसले म्हणजे हृदय ठीक ना?” त्याच्यासाठी हा लेख.

या घड्याळाच्या पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकतो. रक्त तो शोषून घेते. ठोक्याठोक्याला मनगटातील रक्त वाढते, ओसरते आणि परतणारा प्रकाश त्याप्रमाणे बदलतो. त्यावरून ठोक्यांची मोजणी होते. घड्याळ सैल बांधले की कधी कधी ते पावलांनाच ठोके समजून बसते! छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत्-संकेत टिपतो, म्हणून धावताना तो अधिक भरवशाचा.

विश्रांतीत प्रौढ व्यक्तीचे ठोके मिनिटाला सामान्यतः ६० ते १०० असतात. नियमित धावणाऱ्याचे ५० किंवा त्याहून कमीही असू शकतात. त्याने घाबरू नये. पण मंद ठोक्यांबरोबर चक्कर येत असेल, अथवा बसल्या जागी आकडा एकाएकी १५० वर गेला, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

घड्याळाचा खरा उपयोग लय बिघडल्याचे ओळखण्यात आहे. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि नाडी पूर्णपणे अनियमित होते. आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. रुग्णाला मात्र अनेकदा आधी काही जाणवलेलेच नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने अशा घड्याळांचा मोठा अभ्यास करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४,१९,२९७ जणांपैकी २,१६१ जणांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला. त्यांतील ४५० जणांच्या छातीवर चिकटवलेल्या ईसीजी यंत्राच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ३४ टक्के लोकांत हा विकार आढळला. उरलेल्यांचा इशारा खोटाच होता असे नाही. हा विकार येतो आणि जातो. इशारा म्हणजे निदान नव्हे, एवढेच.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. माझ्या एका सहकाऱ्यांच्या छातीत पहाटे दुखू लागले. घड्याळात ७८ ठोके दिसले, म्हणून ते दोन तास घरीच पडून राहिले. ईसीजी काढल्यावर हृदयविकाराचा झटका असल्याचे कळले. ते वाचले, पण हृदयाच्या स्नायूचा काही भाग कायमचा निकामी झाला. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबली तरी ठोक्यांचा आकडा सामान्य राहू शकतो. घड्याळाला ती धमनी दिसतच नाही. मनगटावरच्या घड्याळातील ईसीजीदेखील झटका ओळखण्यासाठी नाही. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम असे काही झाले तर आकडा न पाहता १०८ ला फोन करावा.

ज्यांच्याकडे घड्याळ नाही, त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ठोके विस्कळीत लागले तर तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहावा, आणि ती वही डॉक्टरांकडे घेऊन जावी.