आधी सांधा, मग चेहरा

गोल सांध्यांच्या बाहुलीचा मी प्रथम चेहरा घडवला. तो साधला, बाहुली मात्र उभी राहीना. माझे वडील गवंडी, शाळेत न गेलेले. म्हणाले, "अगं, आधी पाया, मग गिलावा."

मी नव्याने आरंभ केला. प्रथम कागदावर खऱ्या मापाचे चित्र काढावे. थर्माकोलच्या गाभ्यावर हवेत सुकणारी माती चढवावी. सुकल्यावर चिरून गाभा काढावा व भाग जोडावेत. गुडघ्याचा गोळा आधी करावा. सुकल्यावर त्याला व्हॅसलिन लावून ओल्या मातीची वाटी दाबावी. माती सुकताना आकसते, म्हणून गोळा सहज फिरेपर्यंत वाटी पॉलिश पेपरने घासावी. शेवटी पोकळ अंगातून इलॅस्टिक ताणून ओवावे. १९९९ साली आलेली जपानी 'सुपर डॉल्फी' याच ताणावर उभी राहते.

माझीही आता उभी राहते. चेहरा पुन्हा करायचा आहे.