जठर लहान झाल्यानंतर

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया म्हणजे पोटावरची चरबी काढून टाकणे, असा समज आजही अनेक सुशिक्षित घरांतून आढळतो. वस्तुतः या शस्त्रक्रियेत चरबीला हात लावला जात नाही. बदलते ते अन्नाचे पात्र आणि अन्नाची वाट. म्हणून इस्पितळातून घरी परतलेल्या रुग्णाला जेवणे ही जन्मापासूनची क्रिया जवळजवळ नव्याने शिकावी लागते. हे शिक्षण एकट्या रुग्णाचे नाही. स्वयंपाक करणाऱ्यांचे आणि शेजारी पंक्तीला बसणाऱ्यांचेही ते आहे.

सध्या दोन प्रकार अधिक रूढ आहेत. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या प्रकारात जठराचा सुमारे पाऊण ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी ठेवतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे औषधाच्या सहा लहान चमच्यांइतकी, पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते. अन्न मात्र त्यातून जात नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली या पद्धतीचा पाया घातला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते, हे निरीक्षण त्यामागे होते.

आतील टाके भरून येईपर्यंत घनपदार्थाचा भार त्यांवर पडू नये, म्हणून आहार पायरीपायरीने वाढवितात. पहिले एक-दोन दिवस पाणी व गाळलेले निवळ सूप. पुढे सुमारे दोन आठवडे पातळ ताक, मुगाचे गाळलेले कढण, दूध. नंतर दोन आठवडे घोटून गुळगुळीत केलेले अन्न. त्यानंतर मऊ उकडलेले अंडे, काटे काढलेला मासा, मऊ पनीर. नेहमीचा आहार साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतो. प्रत्येक शल्यविशारदाचे वेळापत्रक थोडे निराळे असते व आपल्या डॉक्टरांचेच प्रमाण मानावे. मात्र ‘बरे वाटते’ म्हणून एक पायरी गाळणे धोक्याचे आहे, याविषयी दुमत नाही.

पाण्याची गोष्ट अनेकांना विचित्र वाटते. दिवसभरात दीड लिटर तरी द्रव पोटात जावयास हवे, पण तांब्या तोंडाला लावून गटागटा पिणे आता शक्य नाही. घोटघोट पाणी दिवसभर चालू ठेवावे. जेवताना मात्र नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. छोट्या पिशवीत पाण्याने जागा अडली, की अन्नास ती उरत नाही.

जेवणाचा क्रमही बदलतो. आपल्या ताटात भात-पोळी मुख्य आणि डाळ, अंडे, मासा तोंडी लावण्यापुरते, ही जुनी रीत येथे उलटी करावी लागते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, यावरून हे काम किती चिकाटीचे आहे ते ध्यानात येईल. म्हणून प्रथिनांचे घास आधी, भाजी नंतर, आणि जागा उरल्यास भात. प्रत्येक घास पुरता बारीक होईतो चावावा. वीस-तीस मिनिटे लागली तरी चालतील. छातीखाली दाब जाणवला, की तेथेच थांबावे. पानात टाकू नये, हा आपल्या घरांतील चांगला संस्कार. पण या रुग्णाच्या बाबतीत तो मोडण्याची मुभा असावी. नाताळात करंजीचा आग्रह करणाऱ्या मावशीलाही हे कोणीतरी आधीच सांगून ठेवावे.

गोडाचे कारण केवळ वजन नव्हे. बायपासनंतर साखर एकदम आतड्यात उतरते, आतडे शरीरातील पाणी आपल्याकडे ओढते, आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा व जुलाब होऊ शकतात. यास ‘डम्पिंग’ म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून गळून गेल्यासारखे होते. उपवासकाळ पाळणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, की रुग्णाला उपवासातून सूट असते. निदान पहिल्या वर्षी पाणी व प्रथिने चुकवू नयेत.

मनाकडे दुर्लक्ष होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. भुकेची चाहूल देणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, व स्लीव्हमध्ये तोच भाग निघून जातो. पहिले काही महिने पोटाची भूक मंदावते. परंतु दुःखात, एकटेपणात, कंटाळ्यात खाण्याची ओढ तशीच राहते, आणि ती भागविण्याचे जुने साधन मात्र हातून गेलेले असते. काही रुग्ण या दिवसांत उदास होतात. ‘एवढा खर्च केला, आता आनंदी राहा’ हे उत्तर त्यांच्या उपयोगाचे नाही. समुपदेशकाची भेट हा उपचाराचाच भाग समजावा. मद्य तर टाळावेच. बायपासनंतर ते रक्तात फार लवकर चढते, आणि अन्नाची जागा मद्याने घेतल्याची उदाहरणे वैद्यकास परिचित आहेत.

तीन-चार महिन्यांनी केस गळू लागतात, त्याने घाबरू नये; बहुधा ते परत येतात. घाबरावे ते वारंवार होणाऱ्या ओकाऱ्यांना. सतत उलटी होत राहिल्यास जीवनसत्त्व ब-१ काही आठवड्यांतच संपते, आणि चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, भ्रम होणे अशी लक्षणे उद्भवतात. उपचारास विलंब झाल्यास मेंदूस कायमची इजा होते. सुरुवातीच्या दिवसांत ताप, नाडीचा वेग, पोटात वाढती वेदना, धाप किंवा पोटरीला सूज आल्यास त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

लोह, कॅल्शियम, ड व ब-१२ ही औषधे आयुष्यभराची आहेत. लोह व कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. वजन स्थिरावले, की गोळ्या सोडण्याचा मोह होतो, आणि काही काळ काहीच बिघडत नाही. याचे कारण यकृतात ब-१२ चा साठा वर्षानुवर्षे पुरतो. तो सरतो तेव्हा हातापायांना मुंग्या येतात, आणि तोवर शस्त्रक्रियेचा विसर पडलेला असतो. म्हणून रक्ततपासणी दरवर्षी करावी, आणि गाव बदलले तर नव्या डॉक्टरांना आपली जुनी शस्त्रक्रिया पहिल्याच भेटीत सांगावी.